गयाबाई आणि जीपचा भोंपू

गयाबाईचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. तिला ओळखणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा तरी पाहिलेलं होतं, आणि काहींनी अंगावर घेतलेलं होतं. आता ती गेल्यावर भिलाईच्या खुर्सीपार वस्तीतले लोक तिला ‘बिचारी’ म्हणतात, तेव्हा माझं डोकं उठतं. बिचारी ती कुठल्याच दिवशी नव्हती.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते सत्तावन्न साली. भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा नव्हता, नुसते खड्डे होते. मी गोंदियाहून हिशेब खात्यात कारकून म्हणून आलो होतो, आणि हजेरी तपासायला मला पायाच्या खोदकामावर पाठवलं होतं. भंडाऱ्याकडून आणि छत्तीसगडच्या खेड्यांतून आलेल्या बायका डोक्यावर लोखंडी घमेली घेऊन माती वाहायच्या. रेजा म्हणायचे त्यांना. त्यांतली एक ओली बाळंतीण पोराला पाजायला कडेला बसली, म्हणून मुकादमानं तिच्या कमरेत लाथ घातली. तो पाय खाली टेकायच्या आत त्याच्या टाळक्यावर घमेलं बसलं, मातीनं भरलेलं. मुकादम खड्ड्यात गेला, आणि एक काळी, उंच, हाडापेरानं मजबूत बाई काठावर उभी राहून त्याला म्हणाली, “आता बस तिथंच. तुले पाजाले कोनी येते का पाहू.”

तिचं काम त्याच संध्याकाळी गेलं. तिला न्यायला नवरा आला, रामाजी झंझाड. कारखान्याच्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. मुकादमापुढे, माझ्यापुढे, पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या असलेल्या पोरापुढेसुद्धा त्यानं हात जोडले. मला म्हणाला, “साहेब, तिचा सोभाव वाईट नाई. हात वाईट आहे.”

रामाजीचा स्वतःचा हात मात्र फार वेगळा होता. तो लाखांदूरकडचा, चुलबंद नदीच्या काठचा शेतकरी. भिलाईला येण्याआधी त्या मुलखात त्याचं नाव होतं ते शंकरपटामुळे. आमच्या पूर्व विदर्भात हिवाळ्यात बैलांच्या शर्यती होतात, त्याला शंकरपट म्हणतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची आणि शेजारी पळणाऱ्या दुसऱ्या जोडीच्या आधी पल्ला गाठायचा. जोडी हाकणारा तो धुरकरी. बाकीचे धुरकरी बैलाला तुतारीनं, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेल्या काठीनं, रक्त निघेपर्यंत टोचायचे, शेपट्या पिरगाळायचे, चावायचेसुद्धा. रामाजी फक्त आवाज द्यायचा. आधी एक लांब हाळी, आणि ती संपायच्या आत घशातून अर्धी. तेवढ्यावर बैल जीव तोडून पळायचे. त्यानं उभ्या जन्मात बैलाला टोचलं नाही. ती सगळी कसर बायकोनं माणसांवर काढली.

त्याच पटावर भय्याजी त्याला हरला होता. भय्याजी शेजारच्या गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, मुलगा. अंगानं दांडगा, आणि हरायची सवय नाही. पटात त्याची एक खोड होती. आपली जोडी मागे पडतेय असं दिसलं, की तो आपल्या छकड्याच्या चाकाची आस, म्हणजे कण्याचं टोक, शेजारच्याच्या चाकावर घासायचा. असं झालं की चाक मोडायच्या भीतीनं शेजारचा धुरकरी जोडी बाहेरच्या बाजूला ओढतो, छकडा शेतात जातो, आणि शर्यत जाते. रामाजीच्या बाबतीत एकदा त्यानं हे केलं, तरीसुद्धा रामाजीच जिंकला. भय्याजीनं रागानं स्वतःच्या बैलाचा डोळा फोडला, असं गयाबाई सांगायची. पुढे भय्याजीही दुर्गला आला, ट्रक घेतला आणि कारखान्याच्या ठेकेदाराची गिट्टी, म्हणजे खडी, वाहू लागला. जुनी ओळख म्हणून रामाजीच्या घरी चहा प्यायचा. गयाबाई कप आपटून ठेवायची.

आता आमच्या मोटारींचं सांगतो, कारण त्यांच्याशिवाय ही माणसं एकत्र आलीच नसती. भिलाईत तेव्हा करायला काही नव्हतं. आठवडाभर धूळ आणि कर्णकर्कश आवाज, आणि रविवारी नुसती धूळ. कारखान्यातला इंजिनियर देवानंद याच्याकडे फियाट होती. मी कुठून तरी एक म्हातारी ऑस्टिन पैदा केली होती. तिला हँडल मारून सुरू करावं लागायचं, आणि ती माझ्यापेक्षा माझ्या बायकोचं, वसुंधरेचं जास्त ऐकायची. रामाजीनं खुर्सीपारच्या आपल्या अंगणात फौजेतल्या मोडीच्या जीपांचे सांगाडे आणून, त्यांतून एक चालती जीप उभी केली होती. तिला विजेचा हॉर्न नव्हता. कुठल्याशा जुन्या बसचा पितळी भोंपू, रबरी फुग्याचा, त्यानं दाराशी अडकवला होता.

आम्ही रविवारी निघायचो. कधी डोंगरगडला, कधी राजहऱ्याच्या डोंगरातल्या तांबड्या रस्त्यानं. जितकी वळणं जास्त तितकी मजा जास्त. आम्ही त्याला फेरी म्हणायचो. एकामागून एक गाड्या, गिअर पाडल्याचा आवाज, सालाच्या झाडांतून मागेपुढे होणारं ऊन, आणि वरच्या वळणावरून खालची आपलीच माणसं दिसणं. हे ज्यानं केलेलं नाही त्याला समजावून सांगण्यात मी आता वेळ घालवत नाही.

फेरीचा एकच नियम होता, आणि तो रामाजीनं घालून दिला होता. घाटात कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. प्रत्येक मोठ्या वळणावर पुढच्यानं हॉर्न द्यायचा, मग त्याच्या मागच्यानं, असं शेवटापर्यंत. सगळे आवाज ऐकू आले की निश्चिंत पुढे जा. एक जरी कमी पडला, तर थांबा आणि मागे बघा. वळणावर डोळ्यांना मागचा माणूस दिसत नाही, कानांना दिसतो, असं तो म्हणायचा.

त्याचा भोंपू तर आंधळ्यानंही ओळखला असता. एकदा लांब दाबायचा, आणि फुगा पुरता भरायच्या आत अर्धवट दाबायचा. बैलांना द्यायचा तीच हाळी. रोज ड्युटीवरून येताना गल्लीच्या तोंडाशी तो असा वाजवायचा, आणि ‘घरचे आले’ म्हणत गयाबाई भाताची पातेली चुलीवरून उतरवायची.

भय्याजीला फेरीत आणलं ते देवानंदनं. ट्रक बरोबर असला, साखळदंड असला, तर लांबच्या घाटात बरं, असा त्याचा विचार. विचार बरोबर होता. माणूस चुकीचा होता.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतरचा रविवार. आम्ही पहाटे निघून धमतरीवरून कांकेरला आलो. पुढे केशकालचा घाट, आमच्या सगळ्या फेऱ्यांतला सर्वांत मोठा. कांकेरला एका टपरीसमोर चहाला थांबलो. रामाजी जीपच्या पुढे वाकून पाणी बघत होता. भय्याजीनं चुलीजवळची एक काटकी उचलली, तिचं टोक अजून धुमसत होतं, आणि मागून जाऊन रामाजीच्या ढुंगणावर टोचली. बैलाला हाकतात तसा तोंडानं आवाज काढला आणि म्हणाला, “काय बे रामाजी, चालते का आज तुही जोडी? का टोचू?”

रामाजी कळवळून सरळ झाला, आणि लगेच हसायला लागला. तो तसाच होता. पण गयाबाईच्या हातातला चहाचा पेला खाली पडला होता. तिनं भय्याजीच्या कानशिलात जी लगावली तिचा आवाज रस्त्यापलीकडे गेला असेल. त्याची पगडी उडून टपरीच्या भट्टीजवळ पडली. टपरीतली माणसं हसली. भय्याजीचा चेहरा मी पाहिला. मालगुजाराच्या घरातला माणूस, माती वाहणाऱ्या बाईच्या हातचा मार चार लोकांत खाल्लेला. तो तिच्या अंगावर गेला. मी आणि देवानंदनं त्याला धरलं, तेव्हा त्यानं देवानंदच्या पोटात कोपर मारलं. शेवटी रामाजीनं त्याचे पाय धरले. बायकोच्या वतीनं.

मग रामाजी तिला म्हणाला, “गया, तू पुढं जाय वो. बाबूजीच्या गाडीत बस, वहिनींसंगं. मी मागून येतो.”

“मी तुमच्याच संगं बसतो.”

“आयक माहं. तू डोयापुढं राहिली का त्याचं डोस्कं थंडं होनार नाई.”

म्हणून ती आमच्या ऑस्टिनमध्ये मागच्या सीटवर बसली. सर्वांत पुढे देवानंदची फियाट, मग आम्ही, आमच्या मागे रामाजी एकटा जीपमध्ये, आणि शेवटी भय्याजीचा ट्रक.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणांवर सगळं सुरळीत. फियाट वाजली, मी वाजवला, खालून लांब आणि अर्धा भोंपू आला, त्याच्या मागे ट्रकचा हॉर्न. वसुंधरा मागे वळून गयाबाईशी बोलत होती. पगडी कशी उडाली ते गयाबाई हातवारे करून सांगत होती, आणि वसुंधरेला हसू आवरत नव्हतं. मलाही हसू येत होतं. पुढच्या वळणावर खालून भोंपू वाजला, ट्रक वाजला, आम्ही हसतहसत वर चढलो.

त्याच्या पुढच्या वळणावर भोंपू पुन्हा वाजला, आणि गयाबाई बोलता बोलता गप्प झाली.

“बाबूजी, गाडी थांबवा.”

“का? काय झालं?”

“हा हात घरच्यांचा नाई.”

मी म्हणालो, डोंगरात आवाज वेडावाकडा येतो. तिनं मागून माझी कॉलर धरली आणि अशी पिळली की माझा श्वास कोंडला. “दोनी बार पुरा दाबला,” ती म्हणाली. “घरचे असा दाबत नाई. थांबवा.” वसुंधरा म्हणाली, “अहो, थांबा म्हणतात ना त्या.” जरा वर देवीचं ठाणं होतं, रस्ता तिथं रुंद आहे, देवानंद आधीच थांबला होता. मी गाडी त्याच्या मागे लावली. खालच्या वळणावर भोंपू परत वाजला. पुरा आणि पुरा. मग वळणावरून वर आला तो ट्रक.

जीप कुठेच नव्हती.

भय्याजी खाली उतरला. “जीप गरम झाली,” तो म्हणाला. “पानी टाकून राहिला. येते मागून.”

“मंग भोंपू कोनं वाजवला आता?” गयाबाईनं विचारलं.

तो काही बोलायच्या आत ती ट्रकच्या पायरीवर चढली आणि सीटवरचा गमछा ओढला. खाली भोंपू होता. त्याची पट्टी पिरगळून तुटलेली, तिला जीपचा हिरवा रंग लागलेला.

भय्याजीनं तिला केस धरून खाली ओढलं आणि तोंडावर बुक्की मारली. ती पडली. देवानंद मध्ये आला, त्याला त्यानं बॉनेटवर आपटलं. मी मागून मिठी घातली, तर माझा अंगठा पिरगाळून त्यानं मला झटकलं. तो अंगठा आजही पावसाळ्यात दुखतो. तेवढ्यात गयाबाई उठली होती. ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं होतं, आणि हातात आमच्या ऑस्टिनचं लोखंडी हँडल होतं. तिनं ते त्याच्या डोक्यावर उगारलं. मी डोळे मिटले.

आवाज झाला नाही. उघडून पाहिलं, तर हँडल वरच होतं. घमेल्यापासून थपडेपर्यंत मी तो हात पाहिला होता. उचललेला हात तसाच राहिलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“मारत नाई,” ती म्हणाली. “जागा सांग. कोन्या मोडावर आहे? मारत नाई तुले, देवीची आन. जागा सांग.”

जीप कुठल्या दरीत आहे हे त्या एका माणसाला ठाऊक होतं. तिनं त्याचं डोकं फोडलं असतं, तर घाटभर हिंडून आम्हाला रामाजी सापडायला संध्याकाळ झाली असती. हे माझ्या शिकलेल्या डोक्यात मागाहून आलं. तिच्या हाताला आधीच कळलं होतं.

भय्याजी तिथेच धुळीत बसला आणि रडायला लागला. “आस घासली फक्त,” तो म्हणाला. “पटात घासतात तशी. तो बाजूले होईन अन् मी पुढं निंघीन, बस. माह्या मनात दुसरं काई नव्हतं.”

झालं ते असं. भय्याजी ट्रक जीपच्या शेजारी आणून डोंगराच्या बाजूनं घुसला आणि चाकावर चाक घासलं. आणि रामाजीनं, जन्मभर पट हाकलेल्या त्या धुरकऱ्यानं, जे केलं ते पटावरचा प्रत्येक धुरकरी करतो. चाक वाचवायला जोडी बाहेर ओढली. पटावर बाहेर शेत असतं. दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरनं ब्रेक दाबला असता. जीप गेली, आणि दाराचा भोंपू तुटून रस्त्यावर पडला. भय्याजीनं तो उचलला. एक आवाज कमी पडला तर आम्ही थांबणार, हे त्याला माहीत होतं. आम्ही थांबू नये म्हणून त्यानं रामाजीचा आवाज काढला.

आम्ही ट्रक वळवला. भय्याजी चालवत होता, आणि गयाबाई पायरीवर उभी राहून खिडकीतून हँडलचं टोक त्याच्या मानेला लावून होती. देवानंद आणि मी मागच्या फळ्यांना धरून. वसुंधरा देवीपाशी थांबली.

जीप खाली एका सालाच्या झाडाला अडकून उलटी लटकली होती. रामाजी स्टिअरिंग आणि झाड यांच्या मध्ये चिणला होता. छाती आत गेलेली. एक हात कोपराच्या वर नको त्या बाजूला वळलेला. जिवंत होता. आम्ही ट्रकचा साखळदंड खाली सोडला, जीप बांधली, आणि सर्वांत आधी साखळी धरून खाली उतरला तो भय्याजी. त्याच्या बाजूचं म्हणून एवढं सांगायला पाहिजे, आणि ते मी कोर्टातही सांगितलं. त्यानं खांद्यानं पत्रा उचलून धरला, तेव्हा आम्ही रामाजीला ओढून काढलं. रामाजी ओरडला नाही. त्याच्यात ओरडण्याएवढा वारा राहिला नव्हता.

ट्रकमध्ये ताडपत्री अंथरून त्याला ठेवलं. त्याचं डोकं गयाबाईच्या मांडीवर, पाय माझ्या, आणि कांकेरच्या दवाखान्याकडे ट्रक हाकायला भय्याजीच. देवानंद पळत वर गेला, आणि फियाट व ऑस्टिन घेऊन तो आणि वसुंधरा आमच्या मागे उतरू लागले. हँडल गयाबाईकडे राहिलं होतं, म्हणून त्यांनी ऑस्टिन उतारावर ढकलून सुरू केली. वसुंधरेनं त्याआधी ती कधी घाटात हाकली नव्हती. त्या दिवशी तिनं ती माझ्यापेक्षा चांगली उतरवली.

प्रत्येक धक्क्याला रामाजीच्या तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि गयाबाई तो पदरानं पुसायची. एका वळणावर त्यानं डोळे उघडले. मान हलवायचा प्रयत्न केला.

“मांगचे आहेत का?” त्यानं विचारलं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. भोंपू तिच्या ओच्यात होता. तिनं तो काढला आणि दाबला. एकदा लांब, आणि फुगा भरायच्या आत अर्धा. मागच्या वळणावरून फियाट वाजली, आणि तिच्यामागून आमची ऑस्टिन.

“येऊन राहिले,” रामाजी म्हणाला.

त्यानंतर प्रत्येक वळणावर ती वाजवत राहिली आणि मागून उत्तर येत राहिलं. घाट संपला, रस्ता सरळ झाला, तरी ती वाजवतच होती. मी तिचा हात धरला आणि मान हलवली. रामाजी संपला होता.

तिनं त्याचं डोकं ताडपत्रीवर ठेवलं, डोळे मिटवले, उठली, आणि ट्रकच्या केबिनवर हँडल आपटलं. भय्याजीनं गाडी थांबवली. तो खाली उतरला आणि तिच्याकडे पाहिलं.

“गेला का?” त्यानं विचारलं.

आता त्याच्याकडून तिला काही जाणून घ्यायचं राहिलेलं नव्हतं. पहिला फटका त्याच्या कोपरावर बसला, कारण त्यानं हात आडवा घातला. कोपर मोडलं तसा दुसरा जबड्यावर. तो गुडघ्यांवर आला. तिसऱ्यानं त्याचा डोळा गेला. मी ट्रकच्या फळीवरून उडी टाकून तिला कमरेला धरलं, देवानंद धावत आला, वसुंधरा आली, आणि आम्ही तिघांनी मिळून तिला ओढलं. हँडलला केस आणि कातडं चिकटलं होतं. भय्याजी रस्त्यावर आडवा पडून पायानं माती उकरत होता. त्या दिवशी तो मेला नाही, हे त्याचं नशीब, आणि मला अजून कधीकधी त्याचं वाईट वाटतं.

दोन वेगळे खटले झाले. भय्याजीला त्याच्या गुन्ह्याची शिक्षा झाली, आणि एका डोळ्यानं त्यानं ती भोगली. गयाबाईच्या खटल्यात, कांकेरच्या कोर्टात, मी साक्षीदार होतो. पाहिलं ते सांगितलं, तिच्या वकिलानं मला डोळ्यांनी भाजून काढलं तरी. मॅजिस्ट्रेट सभ्य माणूस होता. त्यानं तिला विचारलं, की या माणसानं जागा दाखवली, स्वतः खाली उतरला, ट्रक चालवला, मग शेवटी मारलं का. संताप अनावर झाला एवढं जरी ती म्हणाली असती, तरी काही महिन्यांवर भागलं असतं. वकिलानं तिला तसं पढवलंही होतं.

ती म्हणाली, “संताप नाई साहेब. मी इचार करून मारलं. त्यानं आस घासली, ते पटातलं भांडन होतं. मी बी त्याले हाटेलात झापड मारली, ते माहं चुकलं. पन त्यानं भोंपू कावून वाजवला? घरचे झाडाले अटकून मले आवाज देत असतीन, अन् हा त्यायच्याच आवाजानं मले सांगून राहिला, का सारं बरोबर आहे, तू चाल पुढं.”

मॅजिस्ट्रेटनं पेन खाली ठेवलं. शिक्षा मात्र पुरी दिली.

रायपूरच्या तुरुंगातून ती सुटली तेव्हा चौसष्ट साल होतं. कारखान्याच्या धुराड्यांतून रात्रंदिवस धूर निघत होता, आणि आमची फेरी कधीच बंद पडली होती. तिला आणायला आम्ही ऑस्टिन घेऊन गेलो. ती आणखी वाळली होती, पण ताठ होती. आधी खुर्सीपारला चला म्हटलं, तर म्हणाली, पहिले कांकेर. कोर्टात मुद्देमाल म्हणून ठेवलेला भोंपू तिला परत हवा होता.

कांकेरच्या कारकुनानं कपाट उघडून तो काढला, धूळ झटकली, आणि चालतो का बघावं म्हणून फुग्यावर हात ठेवला. गयाबाईनं त्याचं मनगट पकडलं. मी मध्ये पडायला पुढे झालो. पण तिनं नुसतं धरून ठेवलं. तो बिचारा पांढराफटक पडला.

“दुसऱ्यानं वाजवू नोको, बाबू,” ती म्हणाली, आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली.

परत येताना वसुंधरा गाडी चालवत होती आणि मी तिच्या शेजारी होतो. गयाबाई मागच्या सीटवर होती, तीच जागा, भोंपू मांडीवर. मी आपला म्हणालो, की गयाबाई, तुम्ही त्या दिवशी आवाज ओळखलात म्हणून तर तो निदान तुमच्या मांडीवर गेला. नाहीतर आम्ही घाट पार करून गेलो असतो.

धमतरीच्या अलीकडे कुठेतरी ती बोलली.

“मी दुसऱ्या बारी ओयखला, बाबूजी. पहिल्या बारी वाजला, तवा मी पगडीचं सांगून राहिली होती. आयकू आला मले. हासता हासता मले वाटलं, घरचेच आहेत.”

वसुंधरेनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी हळू केली.